नानाजींचे विलायती मासे

गळाला लागलेल्या माशाच्या ओठाला हळद लावून त्याला परत पाण्यात सोडणारा माणूस तुम्ही पाहिला आहे? नसेलच. मी दर रविवारी पाहत होतो, कारण तो माझा शेजारी होता. पांढुर्ण्याच्या स्टेशनावरचे नानाजी पार्सलबाबू! डोक्यावर खाकी टोप, खांद्यावर गोऱ्या साहेबाची जुनी गळकाठी आणि कोटाच्या खिशात हळदीची पुडी, अशी स्वारी तलावावर निघायची. मासा लागला की त्याला ओल्या पंच्यात धरायचं, "लय लागलं काय रे बापू?" म्हणून विचारायचं, हळद लावायची आणि सोडून द्यायचं. मग घरी येऊन आंघोळ, देवपूजा आणि वरणभात. मासळीचा वास त्यांच्या घराण्यात कोणालाच सोसत नव्हता.

"नानाजी, खायचा नाही तर मारता कायले?" मी एकदा विचारलं.

"मारते कोण? मी भेटतो त्याले!" नानाजी भडकले. "तुम्ही शाळेत रोज पोरायले भेटता, मास्तर. ते काय खायसाठी भेटता?"

आता बोला!

ती गळकाठी रेल्वेतल्या एका साहेबाची. स्वातंत्र्य आलं, साहेब विलायतेला निघाला आणि जाताना ती नानाजींच्या हातात देऊन गेला. काठी दिली ती दिली, वर सांगून गेला की तुमच्या तलावातले मासे म्हणजे फालतू. खरा मासा शिकार करतो, गळाला लागला की पाण्याबाहेर उडी मारतो, धरणाऱ्याच्या तोंडाला फेस आणतो! हे नानाजींच्या डोक्यात जे बसलं ते काही निघेना.

पुढे राज्यांची उलटापालट झाली. नागपूर मुंबई राज्यात गेलं आणि आम्ही इकडेच राहिलो. कापूस तोच, संत्री तीच, सोयरिकी त्याच, राजधानी तेवढी भोपाळ. नानाजींचा वसंता नागपूरच्या सरकारी कचेरीत होता. आधी दर शनिवारी पॅसेंजरनं यायचा, रविवारी बाप-लेक तलावावर बसायचे. कचेरीबरोबर त्याचीही बदली मुंबईला झाली. मग दिवाळीला आला तर आला. नानाजी त्याविषयी चकार शब्द काढत नसत. ते बोलत फक्त विलायती माशाविषयी.

"मास्तर, आणून राहिलो!" एक दिवस सकाळीच ओरडत आले. धोतराचा सोगा हातात, चपला विसरलेले. "बंदोबस्त झाला! तिकडं पहाडात साहेब लोकायनं तलावात सोडले होते ना, तेच! माझा दोस्त आहे तिथं पार्सलात. पिल्लं पाठवून राहिला!"

गावभर एकच गलका. नानाजी चौकात उभे राहून सांगू लागले, "सौंसरचे येतीन, बोरगावचे येतीन, भोपाळचे मंत्री येतीन! जामसांवलीले मारुतीचं दर्शन अन् पांढुर्ण्याले माशाचं!" तलावावर जाळं टाकणारा सुखदेव ढिवर तेवढा शांत होता. त्या तलावातले झिंगे आणि बोटभर मासे यावर ढिवरांच्या सगळ्या मोहल्ल्याची चूल चालायची.

"नानाजी, पण तो मासा खाते काय?" त्यानं विचारलं.

"कणिक!" नानाजी ठासून म्हणाले. "अरे, तीर्थावर जातो तं माशायले काय घालतो आपण? कणकेच्या गोळ्याच ना?"

पिल्लं आली त्या दिवशी अर्धं गाव स्टेशनावर. पत्र्याचा डबा उतरताना नानाजी हमालाच्या पुढेमागे नाचत होते, "हळू रे! माल नाजूक आहे! या बाजूनं वर!" जन्मभर संत्र्यांच्या पेट्या चढवल्या, पण असं कधी नाचले नव्हते. डब्यात डोकावलो तर करंगळीएवढी चकचकीत पिल्लं! माझ्याही अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू? त्या माशाचं इंग्रजी नाव नानाजी दर खेपेला वेगळंच घेत, म्हणून आम्ही त्यांना नुसतं 'साहेब' म्हणू लागलो.

मोठे होईपर्यंत साहेबांचा मुक्काम नानाजींच्या परसातल्या हौदात. नानाजींच्या घरच्या, म्हणजे आमच्या काकू रोज आंघोळ करून सोवळ्यात कणिक मळायच्या, तूप लावून गोळ्या वळायच्या. साहेब ढुंकून पाहत नसत. मग ज्वारीच्या गोळ्या झाल्या, बेसनाच्या झाल्या, शिरा झाला. "सायबी पोट आहे, बिस्कूट पाह्यजे," म्हणून नानाजींनी बिस्कुटंही आणली. उन्हाळ्यात हौदावर वाळ्याच्या ताट्या लावल्या. आम्ही घामानं भिजतोय आणि साहेब गारव्यात!

गंमत अशी की काहीही न खाता ते वाढत होते. आणि वाढता वाढता कमी होत होते.

"मास्तर, तुमची मांजर माझा माल खाऊन राहिली!" नानाजी कुंपणाशी येऊन गरजले. मी मांजर बांधली. मासे कमीच. नानाजींनी हौदावर जाळी ठोकली, तरी कमीच. आमची बोलाचाली बंद झाली. माझी बायको म्हणाली, "माशापायी शेजार तोडला बाप्पा या माणसानं!" शेवटी चार-पाच उरले, पण काय एकेक, हातभर लांब, अंग तुकतुकीत, जबडा हा एवढा!

सोडायचा दिवस ठरला तसे नानाजी स्वतःच नारळ घेऊन मला बोलवायला आले. राग कुठल्या कुठे! तलावावर जत्रा लोटली. एका कडेला सुखदेवच्या घरच्या बायका कमरेएवढ्या पाण्यात टोपल्यांनी झिंगे धरत होत्या. डबा काठावर ठेवला. नारळ फुटला. नानाजींचे डोळे लहान पोरासारखे चमकत होते. "पाहा आता!" म्हणून त्यांनी झाकण काढलं.

आत एका साहेबाच्या जबड्यातून दुसऱ्या साहेबाची शेपटी बाहेर आली होती. आमच्या डोळ्यांदेखत तीही आत गेली.

माझी मांजर भर गावासमोर निर्दोष सुटली. "माय बाई!" कोणीतरी ओरडलं आणि जो हशा पिकला, काय सांगू! सुखदेव मात्र हसला नाही. "नानाजी," तो पुढे होऊन म्हणाला, "हे तं आपल्या भावालेही खाऊन राहिलं. आमच्या तलावात काही उरन काय?"

नानाजींनी डब्याकडे पाहिलं, मग पाण्यातल्या बायकांकडे पाहिलं. लोक ओरडत होते, "सोडा ना नानाजी! सोडा!" त्यांनी झाकण लावलं. "नाही सोडत," म्हणाले. "जा, घरी जा सारे."

लोक चिडले, बडबडले, पांगले. मी डब्याची एक कडी धरली, नानाजींनी दुसरी, आणि आम्ही घराकडे निघालो. नानाजी मोकळ्या हातानं झाकण घट्ट दाबून धरत होते. मला राहवेना.

"नानाजी, जाऊ द्या. तुम्हाले तं लहान मासेही चालतात."

"मले चालतात हो," ते म्हणाले. "वसंताले नाही चालत. दिवाळीले म्हणे, बाबा, या बोटभर माशायसाठी मुंबईवरून कोण येईन? मी म्हटलं, थांब बेटा, मोठा आणतो. उड्या मारणारा आणतो."

मी डब्याची कडी दुसऱ्या हातात घेतली.

"मग आता मासा नाही तं नाही. नुसतं 'ये' म्हणून कळवा ना."

"नुसतं 'ये' म्हणायले लाज वाटते, मास्तर. काही कारण तं पाह्यजे."

"कारण काय? बाप आहे तुम्ही त्याचे!"

नानाजी थांबले. डबा हिंदकळला आणि पाणी आमच्या दोघांच्या पायांवर सांडलं.

"तेवढं पुरलं असतं मास्तर," ते म्हणाले, "तं मी हे मासे कायले आणले असते?"