पंडित आप्पांची बिनआवाजाची गाडी

इलेक्ट्रिक गाडीच्या दुकानात शिरलेला माणूस आधी विचारतो, एकदा चार्ज केली की चालते किती? आमच्या पंडित आप्पांनी विचारलं, "आवाज कितना देती है?"

काउंटरवरची मुलगी खुलली. "आवाज तो है ही नहीं, अंकल! वही तो खूबी है." आप्पांनी तिला गाडी चालू करायला लावली, कंबरेत वाकून सीटला कान लावला आणि माझ्याकडे बघून निर्णय दिला, "बंद से." मुलगी म्हणाली, चालू आहे. आप्पा म्हणाले, "हमारे खाते में मशीन का आवाज बंद हुआ, तो मास्टर को भागना पड़ता है." आणि ते खरंच तरातरा दुकानाबाहेर गेले. माझा रविवार त्या गाडीपाशी उभा राहिला तो राहिलाच.

खातं म्हणजे आमच्या सुरतेत लूमचा कारखाना. आप्पा अमळनेरकडचे, घरात अहिराणी बोलणारे. तरुणपणी इकडे आले आणि बमरोलीच्या एका खात्यात मास्तर म्हणून, म्हणजे बंद पडलेले लूम चालू करत, निवृत्त झाले. मी मूळची साताऱ्याची, लग्नानंतर सुरतेची, शाळेत मराठी शिकवते. डिंडोलीतल्या रो-हाउसमध्ये आप्पांची आणि आमची भिंत एकच. मराठी शिकवते म्हणजे मला सगळंच कळतं असा आप्पांचा समज आहे, आणि तो दूर करण्याइतका वेळ त्यांनी मला कधी दिला नाही.

लूमच्या खडखडाटात उभं राहून राहून आप्पांचे कान गेले. त्यामुळे ते बोलतात ते पलीकडच्या गल्लीला पोचेल अशा बेताने, आणि आपण अगदी हळू बोलतो यावर त्यांचा ठाम विश्वास. एका सकाळी ते ओट्यावर आले, इकडेतिकडे बघितलं, तोंडावर हात धरला आणि कुजबुजले. समोरच्या परेशभाईंच्या खिडकीतले पारवे उडाले.

"मॅडम, कोणाला सांगू नका. ही गाडी मी माईकरता घेतो आहे. धूर नही, धक्का नही. ती परत माझ्या मागे बसली पाहिजे."

आतून स्वयंपाकघरातून माईचा आवाज आला, "मी बठाव नही!"

आप्पांना अर्थातच ऐकू गेलं नाही. ते समाधानाने मान हलवत होते. परेशभाई खिडकीतून म्हणाले, "आप्पा, भाभी ना पाडे छे!" तेही ऐकू गेलं नाही.

माई म्हणजे आप्पांची बायको. पूर्वी दर रविवारी ती त्यांच्या जुन्या मोटारसायकलवर मागे बसून बाजाराला जायची. तिची नजर हळूहळू अधू होत गेली, तरी जायची. मग एका संध्याकाळी सोसायटीच्या तोंडाशी, ड्रेनेजसाठी खणलेल्या खड्ड्यात गाडी आदळली आणि माई पडली. मनगट मोडलं. मनगट जुळलं, पण माई पुन्हा गाडीवर बसली नाही. आप्पांनी त्यावर एक अक्षर काढलं नाही. फक्त तेव्हापासून हा माणूस एका जागी बसेनासा झाला.

आणि ही सगळी बेचैनी आता गाडीच्या तयारीत शिरली. "तयारी पाहिजे, मॅडम," हे त्यांचं पालुपद. गाडीचा पत्ता नाही, पण हेल्मेट आलं. ते डोक्याला सवय व्हावी म्हणून आप्पा झोपाळ्यावर हेल्मेट घालून पेपर वाचू लागले. मग दाराबाहेर चार्जिंगचा प्लग बसवला. तिथे पाऊस लागेल म्हणून तो अलीकडे आणला. तिथे गाय अंग घासते म्हणून पलीकडे नेला. इलेक्ट्रिशियन तिसऱ्यांदा आला तेव्हा त्याने आधी गाय दाखवा म्हणून हट्ट धरला. शेवटी प्लगवर छोटं पत्र्याचं छप्पर झालं, हळदकुंकू वाहिलं, आणि प्लग रिकामा राहू नये म्हणून आप्पा त्यावर आपला मोबाइल लावून शेजारी खुर्ची टाकून बसू लागले.

"काय करताय आप्पा?"

"चार्जिंगची सवय."

दारासमोर त्यांनी खडूने चौकोन आखला. गाडी इथे उभी राहणार. त्या चौकोनात पाय ठेवायचा नाही असा फतवा निघाला. मी एकदा बेसावधपणे भाजीची पिशवी तिथे टेकवली, तर आप्पा असे धावले की वाटलं पिशवी गाडीखाली येतेय. गंमत म्हणजे आठवड्याभरात अख्खी गल्ली त्या न आलेल्या गाडीला वळसा घालून चालू लागली. मीसुद्धा. मनातल्या मनात चरफडत, पण वळसा घालूनच.

पुढची पायरी म्हणजे रस्त्याची पाहणी. वाटेत बॅटरी संपली तर? आप्पा घरापासून पांडेसऱ्यापर्यंत चालत गेले आणि दुकानादुकानातून विचारत गेले, वेळ पडली तर लाइट द्याल का? पंक्चरवाला हो म्हणाला. पानवाला बघू म्हणाला. लोचोवाल्याने आप्पांना बाकावर बसवलं, गरम लोचो, म्हणजे आमचा सुरती मऊ खमण, समोर ठेवला आणि हात जोडले. "काका, पहेलां गाडी तो लावो!"

पण गाडी येईना. दर रविवारी एक नवं दुकान, तोच प्रश्न, आणि तसंच तरातरा बाहेर पडणं. शेवटी माझा संयम सुटला. रिक्षात मी त्यांच्या कानाशी ओरडले, "आप्पा, तुम्हाला लूम चालू असला तरी ऐकू येत नाही! गाडीचा आवाज हवा कशाला?"

रिक्षावाल्याने वळून बघितलं. आप्पा बाहेर बघत म्हणाले, "मनाकरता नही, माईकरता. तिले कसं समजी, मी उनू?"

मोटारसायकल कोपऱ्यावर फटफटली की माई चहाचं आधण ठेवते, हे मी रोज भिंतीपलीकडून ऐकत होते. अधू नजरेच्या बाईला दारात अचानक कुणी उभं राहिलं की दचकायला होतं, हेही मला ठाऊक होतं. मोटारसायकलच्या धुराने माईला खोकला यायचा आणि मोटारसायकलच्या आवाजाने धीर. या दोन्हींच्या मधे हा माणूस महिनोन् महिने येरझाऱ्या घालत होता, आणि मी त्याला विक्षिप्त म्हणत होते. मला फार वाईट वाटलं. तरी त्याच्या पुढच्या रविवारी मी त्यांना दमात घेतलं आणि गाडी घ्यायला लावलीच, कारण माईचा खोकला भिंतीतून मलाही ऐकू येतो.

आवाजाचा इलाज आप्पांनीच काढला. गावाहून बैलाच्या गळ्यातली घुंगरमाळ मागवली, पोळ्याला बांधतात ती. हँडलला बांधून हलवून दाखवली. माईने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मी तुमले बैल समजसू." घुंगरमाळ खुंटीवर गेली.

गाडी आली, पूजा झाली, नारळ फुटला. चौकोनात ती बरोबर मावली, याचं आप्पांना गाडीपेक्षा कौतुक. माईने हाताने चाचपून सीट पाहिली, "मऊ से," म्हणाली आणि आत निघून गेली. आप्पा जरा वेळ हेल्मेट हातात धरून उभे राहिले. मग एकटेच भाजीला गेले.

संध्याकाळची वेळ. मी आणि माई ओट्यावर वाल सोलत बसलो होतो. माईचं लक्ष वालांत नव्हतं, कोपऱ्याकडे होतं. तिकडून काहीच येईना. तिने दोनदा विचारलं, "ऊनात का?" मी म्हटलं, नाही अजून.

आणि मग आवाज आला. गाडीचा नव्हे, आप्पांचा.

"भेंडी जून व्हती, म्हनीसन गिलका लयनू. तुले आवडतस ना..."

मला वाटलं, कुणाला तरी मागे बसवून आणतायत. मान लांब करून पाहिलं. मागची सीट रिकामी होती. हेल्मेटमधून आप्पा अगदी हळू, म्हणजे गल्लीच्या या टोकाला लख्ख ऐकू येईल असं, बोलत येत होते. पंक्चरवाल्याची मुलगी दहावी पास झाली. लोचोवाल्याने गाडी बघून टाळी दिली. परेशभाई पाणी घालता घालता थांबले. सोसायटीच्या तोंडाशी आप्पांनी गाडी हळू केली.

"घट धर. खड्डा से."

तो खड्डा कधीच बुजवलाय. वर डांबर झालंय, त्यावर पोरं क्रिकेट खेळतात. तिथून आप्पा बैलगाडी उतरवावी तशी सावकाश गाडी काढत होते. "हां. गया. बठ आते नीट."

हे रोजच चालत असणार, माई पडली तेव्हापासून. मोटारसायकलच्या फटफटीत कुणाला ऐकू आलं नव्हतं, आणि त्यांचं त्यांनाही ऐकू येत नव्हतं. मला माईकडे बघवेना. तिच्या मांडीवरचे वाल खाली घरंगळले होते आणि ती ते उचलत नव्हती.

आप्पा चौकोनात गाडी लावायला आले, आमचे चेहरे बघितले आणि म्हणाले, "काय झालं? आधण नही ठेवलं?"

माई उठली. भिंत धरून पायऱ्या उतरली, हाताने सीट शोधली, पदर खोचला आणि मागे बसली. आप्पांना काय चाललंय ते कळेना. गिलक्यांची पिशवी धरून ते गाडीवर तसेच बसून राहिले. "आं? काय म्हनस?"

माईने त्यांच्या हेल्मेटला तोंड लावलं आणि ओरडली, "घट धरसू! चाला!"

पिशवी माझ्या हातात देऊन ते गेले. मी ती आत ठेवली, माईच्या गॅसवर आधण ठेवलं आणि ओट्यावर येऊन आप्पांच्या आवाजाची वाट बघत बसले. परेशभाईही खिडकीत थांबले होते. पण आवाज काही आला नाही. मी चहा बघायला आत गेले आणि बाहेर आले, तर गाडी चौकोनात उभी होती आणि आप्पा माईला हात देऊन उतरवत होते. दोघं केव्हा आली, गल्लीत कुणालाच कळलं नाही.