केरबामामांचं गाईचं घड्याळ

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. आता सत्तरी उलटली, सांगून टाकतो.

नायगावजवळच्या एका खेड्यात केरबामामा दोन्ही मनगटांवर घड्याळं बांधून फिरत. किती वाजले म्हणून विचारलं की म्हणायचे, "माणसाचे का गाईचे?" गाय माजावर आली की ते डाव्या हातातल्या घड्याळात बारा वाजवायचे आणि तिथून तास मोजायचे. एकदा त्याच घड्याळावर विसंबून एसटी चुकली. "गाईच्या टायमानं अजून यायची हाय," म्हणत फाट्यावर बसून राहिले.

हे खूळ माझंच. मी जनावरांच्या दवाखान्यात कृत्रिम रेतनाच्या कामाला होतो. नोकरी नवी, तोंड मोठं. कुठंतरी ऐकलेलं ठोकून दिलं, "मामा, दहा तासांच्या आत भरवली की कालवड. उशीर झाला की गोऱ्हा." यावर जाणकारांचंही एकमत नाही, हे सांगितलं नाही.

मामांना कालवडच हवी होती. त्यांची बायको जाताना म्हणाली होती, "या गाईची कालवड आपल्या शांताला द्या." शांता ही उमरीला दिलेली एकुलती लेक.

गाय माजावर आली. मामा सायकल हाणत दवाखान्यात. "डागदरसाहेब, सात तास झाले! गाय हंबरून राहिली, चला!"

"आलोच," म्हणालो आणि कॅरमला बसलो. पोचलो तेव्हा मामा घड्याळ नाचवत होते. "तेरा झाले की वो!"

"तुमचं घड्याळ पळतंय मामा. माझ्यात नऊच झालेत."

गोऱ्हा झाला. मामांनी घड्याळालाच शिव्या घातल्या आणि गाईसाठी नवं घेतलं. दुसऱ्या खेपेलाही मी उशिरा पोचलो. या वेळी म्हणालो, "माज तुम्हीच उशिरा पाहिलात." पुन्हा गोऱ्हा. मग मामा दिवसभर गोठ्यातच बसू लागले, गाईच्या तोंडाकडं बघत. पण गाय म्हातारी झाली होती. ती पुन्हा फळली नाही.

माझ्या निरोपसमारंभाला मामा आले. खिशातून गाईचं ते पहिलं घड्याळ काढून माझ्या मनगटावर बांधलं. म्हणाले, "चूक माझीच, साहेब. शांतालाबी तसंच सांगितलं. तुम्ही तर बलावलं की येत होते."

माझ्या तोंडात पेढा होता. तो गिळेपर्यंत मामा दारापर्यंत गेले होते.

ते घड्याळ मी दवाखान्याच्या घड्याळाशी जुळवून दिवसभर चालवून पाहिलं. मिनिटाचा फरक नव्हता. उद्या जाऊन सांगतो, असं म्हणत दोन वर्षं काढली, तोवर मामाच गेले.

मामा, तुमचं घड्याळ बरोबर होतं. तेराच झाले होते.