थोरल्या नदीच्या ऐलपैलाची हकीकत

श्री. प्रथम नमन त्या नदीस, जी आमच्या लिहिण्याची वाट न पाहता वाहते. दुसरे नमन बोरूस, जो आम्हांस न विचारता चालतो. तिसरे नमन वाचणारास, ज्यास यापुढे आमचे पांडित्य सोसावयाचे आहे. शके सोळाशे ऐंशी, बहुधान्यनाम संवत्सरे, मार्गशीर्ष मासी ही हकीकत घडली, आणि ती सर्वस्वी आमच्या मूर्खपणे घडली, हे आरंभीच सांगून मोकळे होतो. राज्याचे नाव लिहीत नाही, कारण राज्य अद्याप आहे आणि आम्ही त्याचेच मीठ खातो. नदीचे नाव घेण्याची तर चालच नाही. लहानथोर सारे तीस थोरली म्हणतात.

तर जाहले ऐसे, की श्रीमंत शेजारच्या राज्यात लग्नास गेले आणि तेथील राजेसाहेबांनी त्यांस शृंगारिलेल्या नावेत बसविले, चौघडा वाजविला, केशरी भात वाढिला, आणि मग सहज पुसिले की, "आपणाकडे थोरली आहे म्हणतात, तीत आपण काय करिता?" श्रीमंत उत्तरले, "पाहतो." त्यावर मंडळी फारच हसली, आणि ते हसणे श्रीमंतांचे काळजात रुतले, आणि मग परत येताच हुकूम जाहला की आपले नदीची समग्र हकीकत लिहावी, उगम कोठे, वळणे किती, पूर्वजांनी तिचे काठी काय पराक्रम केले, रयत तीत कोणकोणती मौज करिते, आणि नाव कोठून कशी न्यावी हेही लिहावे, म्हणजे त्या कागदाबरहुकूम सरकारस्वारीचा जलविहार होईल. काम आम्हांकडे आले, कारण आम्ही दरबारचे बखरकार, आणि आमचे अक्षर वळणदार. पाण्याची ओळख म्हणाल तर आम्ही घाटाच्या तिसऱ्या पायरीखाली जन्मात उतरलो नाही. तेथेच उभे राहून तांब्याने अंगावर पाणी घेतो आणि भरभर स्तोत्र म्हणतो, ते लोकांस भक्ती वाटते.

मग आम्ही कचेरीच्या माडीवर, खिडकीशी बसोन नदी लिहू लागलो. उगम पश्चिमेच्या डोंगरी, करवंदीच्या जाळीखाली, तेथे पाणी करंगळीएवढे निघते, आणि मग कड्यावरून उडी टाकिते, आणि सात वळणे घेऊन काळ्या रानात उतरते, आणि तेथे धाकटी नदी तीस येऊन मिळते, आणि मिळाल्यावरही कोसभर दोघींचे पाणी वेगळे दिसते, एकीचे काळे, एकीचे तांबूस, एका घरात नव्याने आलेल्या जावा जशा. पुढे थोरली परमुलखात जाते, तेथे ती काय करिते हे आम्हांस ठाऊक नाही, तरी त्यावर चार पाने लिहिली. इतिहास लिहिताना थोरल्या महाराजांनी भर पुरात घोडा घातला आणि पार जाहले ऐसे लिहिले. वास्तविक महाराज एका भोयाच्या नावेत तळाशी आडवे होऊन, डोळे गच्च मिटून पार जाहले, आणि उतरल्यावर त्या भोयाचे घराण्यास नावेचे वतन लिहून दिले की वंशपरंपरा लोकांस या काठाचे त्या काठास न्यावे. परंतु घोड्यावाचून बखर शोभत नाही, म्हणोन घोडा लिहिला, आणि त्याचा रंगही लिहिला. मग मौजेचे प्रकरण लिहिले: पोरे बुरुजावरून सूर मारितात, तरणे गडी पोटाशी भोपळे बांधून पैजेने डोह ओलांडितात, म्हातारे खडकावर गळ टाकून बसतात आणि घरी जाऊन निसटलेला मासा हात पसरून दाखवितात, उन्हाळ्यात वाळवंटात कलिंगडांच्या वाड्या लागतात आणि वांगी भाजून पंगती झडतात, बायका धुणे आपटता आपटता अवघ्या गावाची झाडाझडती घेतात. हे सारे आम्ही खिडकीतून पाहिले आणि स्वतः केल्यासारखे लिहिले.

राहता राहिली नावेची वाट. त्यासाठी सुभानजी भोई यास बोलाविले. हा त्याच वतनदार घराण्यातला, पन्नाशीचा, बोलणे कमी आणि खोकणे फार. त्यास पुसिले की पात्रात धोका कोठे आहे. तो म्हणाला, "बाकी समदं साफ हाय जी. येक म्हैस तेवढी सांभाळायची. चिंचंकडच्या अंगाला हाय. नाव देवळाकडनं घालायची, म्हंजी काय बी भ्या न्हाई." म्हैस म्हणजे पाण्यातील मोठा कातळ, उन्हाळ्यात त्याची पाठ दिसते, मार्गशीर्षात वीतभर पाण्याखाली दडोन असतो. नदीच्या एका काठी देऊळ, तेथेच आमची कचेरी आणि आमचे घर. समोरचे काठी जुनी चिंच, तेथे सुभानजीचे खोपट आणि श्रीमंतांची बाग. आता 'चिंचेकडे' आणि 'देवळाकडे' हे शब्द दरबारी कागदात शोभतात काय? आम्हांस ते गावंढळ वाटले. म्हणोन आम्ही सुधारून लिहिले: "म्हैस नामे कातळ पैलतीरी आहे, यास्तव नाव ऐलतीराने न्यावी." लिहून दोनदा वाचिले, आणि आपलेच अक्षरावर खूष होऊन विडा खाल्ला.

मार्गशीर्ष शुद्ध सप्तमीस, सकाळी ऊन कोवळे असता, जलविहार निघाला. श्रीमंत त्या दिवसांत बागेत मुक्कामास होते, म्हणोन स्वारी चिंचेखालून नावेत बसली. कारभारी अवधूतपंत पुढे उभे, हाती आमचा कागद. मध्ये श्रीमंत गादीवर, पुढ्यात बोरांची परडी. मागे आम्ही, दोन्ही हातांनी काठ धरून, कारण हकीकत डोळ्यांदेखत लिहावी ऐसा हुकूम होता. सुभानजीने वल्हे मारिले आणि नावेचे तोंड देवळाकडे वळविले. तो अवधूतपंत ओरडले, "अरे, तिकडे कोठे? कागदात ऐलतीराने न्यावी ऐसे लिहिले आहे. आपण आहो तो ऐलतीर. धरून चाल!" सुभानजी म्हणाला, "म्हैस हिकडंच हाय जी. ह्याच अंगाला." अवधूतपंत म्हणाले, "म्हैस पैलतीरी आहे. हा पाहा शिक्का. तू शिक्क्यापेक्षा शहाणा काय?" आमचे राज्यात शिक्क्याचे कागदापुढे डोळ्यांस विचारण्याची चाल नाही. सुभानजीने आम्हांकडे पाहिले. आम्ही काय केले? आम्ही मान डोलाविली, कारण कागद आमचा, अक्षर आमचे, आणि आमचे डोळे तर भयाने मिटलेले. मग सुभानजीने एक सुस्कारा टाकिला आणि नाव चिंचेच्या अंगाने घातली, आणि शंभर हात गेलो न गेलो तो म्हशीने पाठ दिली, आणि नाव कडाडून आडवी जाहली, आणि श्रीमंत, कारभारी, गादी, बोरे ऐसे सारे एका क्षणी थोरलीत दाखल जाहले. आम्ही "मेलो, मेलो" ऐसे ओरडत सुभानजीचे गळ्यास मिठी घातली आणि त्याने आम्हांस खांद्यावर घेऊन काठास आणिले. उतरल्यावर पाहतो तो पाणी कमरेइतके. काठावरील बायकांनी तोंडास पदर लाविले. श्रीमंतांची पगडी मात्र खरा जलविहार करीत पहिले वळण ओलांडून गेली.

आता इतकी फजिती जाहली म्हणजे कोणाचे तरी डोके लागते. अवधूतपंत ओल्या अंगानेच बोलले की नावाड्याचे बेसावधपणे नाव आपटली, वतन जप्त करावे, नाव काठावर पालथी घालावी, आणि नवमीस बागेत दरबार भरेल तेव्हा तसे बखरीत लिहून वाचावे, म्हणजे कायम जाहले. आम्हांस म्हणाले, "लिहाल ना?" आम्ही म्हणालो, "आज्ञा." इतक्या झटकन म्हणालो की आमची आम्हांस लाज वाटली, परंतु कपडे बदलीपर्यंतच वाटली.

अष्टमीस दोन प्रहरी आम्ही ते पान लिहीत असता सुभानजीची बायको ठकूबाई दारात उभी राहिली. हाती भोपळ्यांची सांगड, लुगडे गुडघ्यापर्यंत ओले. म्हणाली, "पंत, नाव तर पालथी घातली तुमच्या लोकांनी, म्हून पवत आले. येक इचारायचं हाय. पैलतीर कंचा?" आम्ही खिडकीतून समोरची चिंच दाखविली. म्हणाली, "बरं. आता माझ्यासंगं चला." आम्ही म्हणालो, आम्हांस पडसे आहे. म्हणाली, "माझ्या धन्याची सात पिढ्यांची नाव गेली आन तुमास्नी पडसं हाय व्हय? चला म्हन्ते ना!" त्या आवाजापुढे दरबारी भाषा टिकत नाही. आम्हांस सांगडीवर पोटावर निजविले आणि पाय झाडीत तिने पार नेले. वाटेत आम्ही तेहतीस कोटी देवांपैकी जितके आठवले तितक्यांस नवस केले. चिंचेखाली नेऊन उभे केले आणि म्हणाली, "आता दावा. पैलतीर कंचा?" आम्ही बोट उचलले, आणि ते बोट आपोआप समोर गेले, देवळाकडे, आमच्याच घराकडे, आमचे वाळत घातलेले धोतर तेथे फडफडत होते. ठकूबाई म्हणाली, "अगं बाई! मघाशी तर पैलतीर हिकडं व्हता. कुनी उचलून नेला वो?" आम्ही बोट खाली केले नाही. हालविताच येईना. ती खाली बसली आणि मग तिचा आवाज निराळाच जाहला. म्हणाली, "धन्यानं चिंच सांगितली व्हती, पंत. चिंच काय चालत न्हाई. तुमी ती का खोडली? काल धरनं घास गेला न्हाई त्येच्या पोटात. वतन गेलं त्येचं दुख हायेच, पर म्हन्तो, 'कागदात लिहितील सुभान्यानं नाव आपटली, आन ते माझ्या नातवाच्या नातवाला वाचून दावतील.' जन्मात येक नाव आपटली न्हाई त्येनं." आम्हांस रडू आले. लपविण्याचा यत्न केला, परंतु आधीच नखशिखांत ओले असल्याने कोणास कळले नसेल ऐसी आशा आहे.

नवमीस दरबार भरला. आम्हांजवळ दोन पाने होती: एक अवधूतपंतांच्या मर्जीचे, एक खरे. वाचावयास उभे राहिलो तो मर्जीचेच पान वर आले. "नावाड्याचे बेसावधपणे" इतके वाचिले. सुभानजी खाली मान घालून उभा होता. परवा आम्ही ज्या गळ्यास मिठी घातली, तेथे आमच्या नखांचे ओरखडे तसेच दिसत होते. मग पुढे वाचवेना. म्हणालो, "सरकार, हे खोटे आहे. नाव आमच्या शब्दावर आपटली." अवधूतपंत डोळे वटारून पाहू लागले. आम्ही त्यांसच पुसिले, "पंत, येथून पैलतीर दाखवा." त्यांनी देवळाकडे हात केला. आम्ही म्हणालो, "आम्ही पैलतीर लिहिला तेव्हा देवळापाशी बसलो होतो आणि या चिंचेकडे पाहत होतो. म्हैस जागची हलली नाही, शब्द हलला. सुभानजीने चिंच सांगितली होती, ती आम्ही गावंढळ म्हणोन खोडली." अवधूतपंत गडबडीने म्हणाले, "परंतु त्यास ठाऊक होते, तर त्याने बोलावयाचे होते!" सुभानजीने प्रथमच मान वर केली आणि म्हणाला, "बोललो व्हतो जी. दोनदा." मग श्रीमंत हळूच म्हणाले, "बोलला होता. आम्ही ऐकिले. आम्ही तेव्हा बोर खात होतो."

मग निवाडा जाहला. वतन सुभानजीचे सुभानजीस, नाव सरकारातून दुरुस्त करून द्यावी, आणि यापुढे नदीचे कागदात ऐल आणि पैल हे शब्द लिहू नयेत, नावाडी म्हणेल ते नाव लिहावे. अवधूतपंतांस काही शासन जाहले नाही, ऐसे कारभाऱ्यांस सहसा होत नाही. आम्हांस जाहले: नदीची हकीकत पहिल्यापासून पुन्हा लिहावी, आणि ती सुभानजीच्या नावेत बसोन लिहावी.

त्याप्रमाणे सांप्रत आम्ही नावेत बसोन हे लिहीत आहो. काल हे निवाड्याचे पान पुरे जाहले, तेव्हा सुभानजीने वल्हे आत घेतले आणि म्हणाला, "वाचा की जी." आम्ही वाचिले: "नाव आपटली ती सुभानजी भोयाचे हाताने नव्हे, लेखकाचे शब्दाने." म्हणाला, "पुन्यांदा." पुन्हा वाचिले. म्हणाला, "ह्यात मी कुटं हाय?" आम्ही त्याचे नाव दाखविले. त्याने ओल्या बोटाने ते चाचपून पाहिले, आणि शाई ओली, बोट ओले, नाव फिसकटले. तो घाबरला, आणि बोट धोतरास पुसू लागला, आणि म्हणाला, "चुकलं जी." आम्ही म्हणालो, "चुकले काही नाही." आणि खाली मोठ्या अक्षरांत पुन्हा लिहिले, सुभानजी भोई, आणि पान उन्हात धरून दोघेही ते वाळेपर्यंत बसून राहिलो.

ऐसी ही थोरलीची हकीकत. जितकी कळली तितकी लिहिली, जी कळली नाही ती या वेळी गाळली, घोडाही गाळला. जेथे अक्षर फिसकटले दिसेल तेथे लेखकाचा दोष धरू नये. बाकी सर्व ठिकाणी धरावा. पुरे जाहले.