कुलूप लागलेलं कार्ड

मीटर वाचणारे पुष्कळ असतात, पण मीटर वाचता वाचता माणूस वाचणारा मी एकटाच. वीज कंपनीच्या नोकरीत बावीस वर्षं लोकांच्या जिन्यांखाली डोकावून माझी नजर इतकी तयार झालीये, की नुसत्या आकड्यावरून त्या घरात इस्त्री कोण करतं ते सांगतो. चुकतं, पण सांगतो. घरचे मला ‘दुर्बीण’ म्हणतात. कौतुकानेच म्हणत असावेत.

तर प्रकरण असं. ताई तीन वर्षांसाठी परदेशी नोकरीला निघाली होती. चार वाजता टॅक्सी. त्याआधी आईला एकच हवं होतं, आम्हा तिन्ही भावंडांसोबत एक फोटो. शेवटच्या एकत्र फोटोत धाकट्याला दात आले नव्हते. आता त्याला टक्कल पडलंय. त्या काळी फोनला डोळे नव्हते, त्यामुळे सगळी मदार ताईच्या छोट्या डिजिटल कॅमेऱ्यावर. आई साडेतीनपासून केस विंचरून खुर्चीत ताठ बसली होती.

मी बटण दाबलं. पडद्यावर उमटलं, ‘कार्ड लॉक आहे’.

“कुणी हलू नका!”

“फोटोसाठी ना?” आईने विचारलं.

“चौकशीसाठी.”

लॉक आहे म्हणजे किल्ली आहे, किल्ली आहे म्हणजे ती लपवणारा आहे. मी धाकट्याकडे वळलो. “पासवर्ड काय ठेवलास?”

“दादा, मी कॅमेऱ्याला हातसुद्धा लावलेला नाही.”

“हात न लावता केलंस? म्हणजे तयारीचा गुन्हेगार!”

“सकाळी कार्ड काढून, रुमालाने पुसून परत कोणी बसवलं होतं?”

मीच. तपासासाठी. गुन्हा घडायच्या आधीच तपास सुरू करणारा दुसरा गुप्तहेर असेल तर दाखवा.

“अरे, पावणेचार झाले,” ताई म्हणाली.

मी कार्ड बाहेर काढलं. शिस्त म्हणजे शिस्त: मीटरवर लावतो तशी एक चिकटपट्टी त्यावर लावली, बारीक अक्षरांत ‘पुरावा क्र. १’ लिहिलं आणि कार्ड पुन्हा आत सरकवलं. जरा घट्ट गेलं. पडद्यावर आता उमटलं, ‘कार्ड नाही’.

माझ्या अंगावर काटा आला. बंद कॅमेऱ्यातून, माझ्या डोळ्यांदेखत, कार्ड गायब!

“दुर्बीण, ते आतच आहे रे,” ताई म्हणाली.

“आपल्याला तसं वाटावं, हेच तर चोराला हवंय.”

एवढ्यात टॅक्सीवाला दारात आला. बॅगा कुठल्या, त्याने विचारलं. अनोळखी इसम, नेमकी वेळ, भले मोठे खिसे. मी दार अडवलं.

“खिसे रिकामे करा.”

त्याने बिचाऱ्याने केले. रुमाल, पेन, दोन गोळ्या. मग खुर्चीतली आई बघितली, माझ्या हातातला कॅमेरा बघितला आणि हात पुढे केला. “द्या साहेब. दिवसभर प्रवाशांचे फोटो मीच काढून देतो.”

त्याने कार्ड काढलं. माझी पट्टी टराटरा सोलली. “ह्याच्या सोनेरी पट्ट्या झाकल्यावर कॅमेऱ्याला ते दिसणार कसं?” मग कार्डाच्या कडेचा तांदळाएवढा खटका नखाने वर सरकवला. “आणि हे कुलूप. पुसताना खाली आलं असेल.”

क्लिक. कॅमेरा शहाण्या मुलासारखा सुरू झाला.

धाकटा खोकला. ताई खिदळली. मी गंभीरपणे म्हणालो, “माझा संशय त्या खटक्यावरच होता.”

“हो रे बाबा,” आई म्हणाली, “आता तपास पुरे, इथे येऊन उभा राहा.”

टॅक्सीवाल्याने सहा फोटो काढले. पहिल्यात ताई रडतेय. दुसऱ्यात ताईकडे बघून धाकटा. तिसऱ्या-चौथ्यात दोघं, आणि या चारांतही मी त्यांना काहीतरी सूचना देतोय. पाचव्यात मी त्यांना ‘रडू नका’ म्हणून तोंड उघडून ओरडतोय. सहाव्यात मीच रडतोय, अगदी ओठ दुमडून. आई मात्र सहाही फोटोंत हसतेय.

बरोबर चारला टॅक्सी गेली. आम्ही कोपऱ्यापर्यंत हात हलवत राहिलो.

आईने फ्रेमसाठी सहावा फोटो निवडला. मी म्हटलं, “आई, अगं, हा का? ह्यात माझी पार शोभा झालीये!”

काच पदराने पुसत ती म्हणाली, “ह्या एकात तू गप्प आहेस.”