गळून पडलेलं टिंब

"अजून उदास कर," मामा म्हणाला.

चिमीने संगणकाच्या पडद्यावरचा निळा रंग आणखी गडद केला. मामा तिच्या खांद्यावरून वाकून बघत होता. पडद्यावर एक चौकोन होता, चौकोनात मामाचा फोटो होता आणि फोटोखाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं : खंत.

"आता?"

"आता जमलं. नुसतं बघूनच माणसाला भरून आलं पाहिजे."

चिमी ही मामाची भाची. पॉडकास्टची मुखपृष्ठं करणं हा तिचा धंदा. पूर्वी मुखपृष्ठ पुस्तकाला लागायचं, आता बोलण्यालाही लागतं. फोनमध्ये ऐकायच्या कार्यक्रमांची रांग लागलेली असते आणि त्यातला कुठला लावायचा हे लोक चित्र बघून ठरवतात. चिमीने एका दातांच्या डॉक्टरला दाढेच्या आकाराचा माईक काढून दिला होता. घटस्फोटाच्या एका वकिलाला मधोमध कापलेली खुर्ची काढून दिली होती, आणि ती त्याला इतकी आवडली की त्याने तशी खरी खुर्ची करून घेतली. मामाचं काम ती फुकट करत होती, आणि फुकटच्या गिऱ्हाइकाच्या सूचना फार असतात.

मामाने सगळी नोकरी बसस्थानकावर गाड्यांची घोषणा करण्यात घालवली होती. आवाज असा, की कुलूप न लावताही बॅग सुरक्षित वाटावी. साऱ्या गावाने तो ऐकला होता, पण कुठली गाडी कुठे लागते एवढ्यापुरताच. निवृत्त झाल्यावर तेवढंही ऐकणारं कोणी उरलं नाही. म्हणून त्याने ठरवलं, की माणसाच्या मनात राहून गेलेल्या गोष्टींवर आपण बोलायचं. लोक आपली खंत कळवतील, आपण त्यांना धीर देऊ.

त्यासाठी त्याने घरातली मागची खोली घेतली. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना गाद्या आणि रजया टांगल्या. ती खोली आजवर मामीची होती. तिथे तिच्या रिकाम्या कुंड्या, मातीची पोती, खुरपी असं सगळं असायचं. ते आता गॅलरीत गेलं होतं आणि गॅलरीत पाय ठेवायला जागा उरली नव्हती.

"एवढं बोलायचंय तर माझ्याशी बोला की," मामी म्हणाली.

"तू ऐकत नाहीस."

"कामं पडलेली असतात मला. रेडिओसारखी एका जागी बसून राहू का?" मग तिने अट घातली. "महिनाअखेरपर्यंत घराबाहेरच्या माणसांनी ऐकलं, तर खोली तुमची. नाही ऐकलं, तर गाद्या खाली आणि कुंड्या आत."

"मान्य," मामा म्हणाला. निळ्या रंगातला चौकोन त्याने मोठ्या हौसेने त्याच रात्री आपल्या फोनच्या स्टेटसला लावला.

सकाळी पहिला फोन त्याच्या जुन्या सहकाऱ्याचा आला. तो मामीने उचलला. पलीकडून बराच वेळ नुसतं हुंदके देणं चाललं होतं.

"कधी झालं, वहिनी?"

"काय कधी झालं?"

"शेवटच्या क्षणी काही बोलले का?"

मामीने फोन मामाच्या हातात दिला. "तुमच्यासाठी आहे. तुम्ही गेलात म्हणे."

दुपारपर्यंत असे पुष्कळ फोन आले. एक शेजारी तर पांढरे कपडे घालून दारात उभा राहिला. मामाने दार उघडलेलं पाहून त्याची इतकी पंचाईत झाली, की तो गडबडीने म्हणाला, "साखर मिळेल का वाटीभर?"

"फोटो काढून टाकू," चिमी म्हणाली. "फोटो, गडद निळा रंग आणि खाली खंत. लोकांची काय चूक?"

आता तिने मन लावून काम केलं. रंग बदलून मातकट तपकिरी घेतला. अक्षरं हाताने काढली. आणि मग तिला ती कल्पना सुचली. खंत या शब्दाच्या डोक्यावर टिंब असतं. ते टिंब म्हणजे एक वाळलेलं पान करायचं, आणि ते पान अक्षरावरून सुटून खाली पडलेलं दाखवायचं. हातून निसटलेली गोष्ट! हे सुचल्यावर ती स्वतःवरच इतकी खूश झाली, की उठून खिडकीत जाऊन आली.

चित्र लहान करून, नखाएवढं करून बघायचं हा तिचा रोजचा नियम होता. पण मामाने ते बैठकीतल्या टीव्हीवर लावायला सांगितलं. तिथे ते भिंतभर दिसलं. पानाच्या शिरासुद्धा दिसत होत्या. मामाचे डोळे पाणावले. अशा वेळी नखाएवढं करून कोण बघणार?

"चित्राखाली नाव टाइप करू ना?" चिमीने विचारलं.

"चित्रात आहे की नाव. परत कशाला? तिथे माझं वाक्य टाक." मामाने घसा साफ केला. "जे आत कुजतं, त्यातूनच काही उगवतं."

चिमीने ते टाकलं. पहिला भाग गेला. त्यात मामा आपल्या वडिलांविषयी बोलला. त्यांना एकदा समुद्र दाखवायचा होता आणि ते राहून गेलं, असं सगळं होतं. भाग खरोखर चांगला होता. पहिले काही दिवस तो फक्त मामानेच ऐकला, तोही पुन्हा पुन्हा. मामी गॅलरीतल्या कुंड्या पुसून तयार ठेवायला लागली.

आणि मग एकाएकी माणसं आली. शेकड्यांनी आली. कुठल्याशा बागवाल्या मंडळींच्या गटात कुणीतरी त्याची शिफारस केली होती. मामाला याचा पत्ता नव्हता. तो फोन हातात धरून घरभर फिरत होता.

"बघ! बघ किती जण ऐकतायत! अभिप्राय आलेत. चिमी, वाच गं मोठ्याने. तुझ्या मामीला ऐकू जाऊ दे."

चिमी वाचू लागली. "भाग ऐकला. आवाज छान. प्रस्तावना जरा लांबली. मुद्द्यावर कधी येणार?"

"येईन, येईन. पुढे?"

"वडिलांचं ऐकून वाईट वाटलं. पण गांडुळं किती घालायची, ते राहिलं."

मामा थांबला. "काय घालायची?"

"समुद्राचा उल्लेख आवडला," चिमी हळू आवाजात वाचत होती. "समुद्रातलं शेवाळ कुंडीला चालतं का? कृपया पुढच्या भागात सांगावं."

मामीने हात पुसत फोन घेतला. लांब धरला, जवळ धरला. तपकिरी रंगाचा नखाएवढा चौकोन होता, त्यात दोन ठसठशीत अक्षरं होती आणि खाली एक वाळकं पान पडलेलं होतं.

"खत," तिने वाचलं. "अहो, तुम्ही खतावर काय बोलणार? कुंडीला कधी हात तरी लावलाय का?"

"खत नाही मामी, खंत."

"टिंब कुठंय?"

"ते पान आहे ना, ते टिंब. गळून पडलंय."

"पडलंय ना? मग झालं की त्याचं खत."

चिमीने दोन्ही हात डोक्याला लावले. मातकट रंग तिचाच होता, वाळकं पान तिचंच होतं, आणि जे आत कुजतं त्यातून उगवतं हे वाक्य मामाचं होतं. दोघांनी मिळून एवढी चोख जाहिरात केली होती, की खताच्या कारखान्यालाही जमली नसती.

"आत्ता टिंब जागेवर लावते," ती म्हणाली. "दोन मिनिटांचं काम आहे."

"थांब," मामा म्हणाला. तो मामीकडे पाहत होता आणि मामी मागच्या खोलीकडे पाहत होती. टिंब लावलं की माणसं जाणार, माणसं गेली की खोली जाणार. मामाने बराच विचार केला. "महिनाअखेरपर्यंत राहू दे. इतकी माणसं दारात आलीत, तर एक भाग खतावर करून टाकतो. त्यात काय एवढं?"

त्याने करून टाकला. वाक्यं भारदस्त होती. माहिती म्हणाल तर उरलेला गोड चहा झाडांना घातला की ती तरतरीत होतात, एवढीच होती. हे त्याला स्वतःच्या अनुभवावरून वाटलं होतं.

आठवड्याने अभिप्राय आले. "तुमचं ऐकून चहा घातला. गुलाबाला मुंग्या लागल्या. आता मुंग्या घरात आल्यात." दुसऱ्याने लिहिलं होतं, "मुंग्यांवर एक भाग करावा." तिसऱ्याने लिहिलं होतं, "चहात दूध चालतं का?" त्यालाच खाली चौथ्याने उत्तर दिलं होतं, "मी घातलं. वास जात नाही."

मामाचा चेहरा उतरला, पण खोली सोडवत नव्हती. पुढच्या भागात मुंग्यांवर उपाय सांगायचा असं त्याने ठरवलं. दार लावून घेतलं, माईक सुरू केला आणि बसस्थानकावरच्या आवाजात सुरुवात केली. "श्रोतेहो, मुंग्या घालवण्यासाठी कुंडीत मूठभर मीठ..."

धाडकन दार उघडलं.

"मीठ? अहो, काय सांगताय लोकांना? झाडं मारताय का त्यांची?"

"अगं, रेकॉर्डिंग चालू आहे!"

"असू दे चालू! मीठ घातलं की मुळं जळतात. आणि तो चहा कुणी सांगितला तुम्हाला? मी धुऊन घालते पत्ती, साखरेचा थेंब राहू देत नाही. इतकी वर्षं मी घालतेय तुमच्या डोळ्यांदेखत, एकदा तरी विचारलंत का, काय करतेस म्हणून? सरका."

मामा सरकला. मामी त्याच्या खुर्चीवर बसली आणि माईककडे बोट करून म्हणाली, "यात बोलायचं ना?" मग तिने मुंग्यांचं सांगितलं, वासाचं सांगितलं, आणि दूध घालणाऱ्याला थोडं रागावली. "दूध प्यायचं असतं, बाबा," ती म्हणाली. "तुला बरं नाही का?"

मामा तो भाग पुसून टाकायला निघाला होता. पण मामीच्या अंगात आलेलं बघून तो घाबरला आणि चुकून भलतंच बटण दाबून बसला. सगळं जसंच्या तसं बाहेर गेलं. धाडकन दार, सरका, आणि मीठसुद्धा.

दुसऱ्या दिवशी अभिप्रायांचा पूर आला. त्या सगळ्यांचं म्हणणं एकच होतं. त्या बाईंना परत बोलवा. एकाने लिहिलं होतं, "आधीचे गृहस्थ पाहुणे होते का?"

अट मामाने पुरी केली होती. घराबाहेरच्या माणसांनी ऐकलं होतं, खोलीतल्या गाद्या तशाच राहिल्या. फक्त खुर्चीत मामी बसू लागली. मग चिमीला नवं मुखपृष्ठ करायला बोलावणं गेलं, आणि तिला कळलं की आधीचं गिऱ्हाईक फार सोपं होतं.

"माती अशी असते होय? ही तर चॉकलेटी झाली. चल गॅलरीत, हातात घेऊन बघ."

"मामी, पडद्यावर रंग जरा..."

"आणि हे पान वाळलेलं नाही, रोग पडलेलं आहे. शिरांवर ठिपके असतात का?"

"टिंब परत लावू का?" चिमीने हळूच विचारलं.

मामीने दाराबाहेर पाहिलं. मामा गॅलरीत कुंड्यांच्या मधोमध उभा होता. हातात झारी होती, कानाला हेडफोन होते. मामीच्या कुंड्यांना पाणी घालायचं काम आता त्याच्याकडे आलं होतं.

"राहू दे," मामी म्हणाली. "पडलंय तिथेच बरं आहे. फक्त ते पान जरा हिरवं कर."

पुढचा भाग सुरू झाला. मामी चष्मा लावून श्रोत्यांचे प्रश्न वाचत होती, चिमी यंत्रापाशी बसली होती. एकाची मिरची फुलत नव्हती, एकीचं खत कोरडं पडत होतं. मग मामीने पुढचा प्रश्न घेतला.

"हे आहेत 'गॅलरीतला श्रोता'. म्हणतात, माझ्या कुंडीतल्या झाडाशी मी रोज तासभर बोलतो. चांगल्या, मोठ्या आवाजात बोलतो. तरी ते मान टाकून उभं आहे. काय करू?"

चिमीने ओठ चावले. मामीने चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"भाऊ," ती माईकमध्ये म्हणाली, "झाडाला पाणी जास्त होतंय तुमचं. आणि बोलणंही. एखादा दिवस नुसते जवळ बसा. त्यालाही काही सांगायचं असेल."

गॅलरीत मामाने झारी खाली ठेवली. खोलीतल्या यंत्राला जोडलेले हेडफोन काढले. उलट्या ठेवलेल्या एका रिकाम्या कुंडीवर तो बसला आणि समोरच्या झाडाकडे बघत राहिला. बऱ्याच वेळाने मागे पावलं वाजली. भाग संपवून मामी आली होती.

"मला भाऊ काय म्हणालीस?" मामाने मागे न बघता विचारलं.

"श्रोते ना तुम्ही? श्रोत्याला काय म्हणू मग?" मामीने शेजारची कुंडी उलटी केली आणि ती त्याच्या बाजूला बसली. "कोणतं झाड म्हणालात?"

मामाने काही न बोलता बोट दाखवलं.