कुत्र्यांना अहो म्हणणारे गुरुजी

भोईर गुरुजी कुत्र्यांना अहो म्हणत आणि माणसांना अरे.

दोन हजार आठच्या सुमाराला मी भिवंडीजवळच्या वळ गावात एका गोदामात डिस्पॅच क्लार्क होतो. पहिल्याच दिवशी एक ट्रक रिव्हर्समध्ये येत होता आणि मागे सावलीला एक कुत्री झोपली होती. मागच्या बंगल्यातून एक धोतरवाले गृहस्थ धावत आले. ड्रायव्हरवर ओरडले, "थांब रे गाढवा!" मग कुत्रीपुढे वाकून हळूच म्हणाले, "बाई, जरा उठता का? गाडी मागं येतेय."

बाई उठल्या.

गुरुजींनी शाळेत तीस वर्षं इतिहास शिकवला होता. राजांची निम्मी नावं ते विसरले होते. पण कुठल्या राज्यात कुत्र्याला काय वागणूक मिळाली, हे तोंडपाठ. चहाला बोलावलं तरी सुरू व्हायचे. "इतिहास उघडून बघ! इजिप्तमध्ये मांजर मेलं तर घरातली माणसं भुवया काढायची. आन् कुत्रं मेलं तर डोक्यासकट सगळं अंग भादरायची! आपला धर्मराज कुत्र्याशिवाय स्वर्गात जायला तयार न्हाय. आन् आपण? त्याच्या नावानं शिव्या देतो."

एकदा एका कुत्र्यानं ड्रायव्हरची पॅन्ट फाडली. आमचे मॅनेजर मिश्राजी वैतागले. सगळी कुत्री टेम्पोत भरून वाडा तालुक्याकडच्या रानात सोडायची, असं त्यांनी ठरवलं. गुरुजींना कळलं तसे ते थेट केबिनमध्ये आले आणि इजिप्तपासून सुरुवात केली. मिश्राजींना पूर्ण टक्कल. भादरण्याचा विषय निघाला तसा त्यांचा हात आपोआप डोक्यावर गेला.

"मास्टरजी, इजिप्त छोडो. किसी को काट लिया तो?"

दुसऱ्या दिवशी टेम्पो आला, तेव्हा रस्त्याच्या मधोमध प्लास्टिकची खुर्ची टाकून गुरुजी पेपर वाचत होते. गोदामाकडे येणारा रस्ता त्यांच्याच जागेतून जात होता. टेम्पोमागे ट्रक थांबत गेले. समजूत काढायला मला पाठवलं.

"इतिहास उघडून बघ," पेपरातून डोकं न काढता गुरुजी म्हणाले. "इंग्रजांनी मुंबईत कुत्री मारायला काढली, तवा लोकांनी दुकानं बंद केली होती. तुमचं एक गोदाम बंद पडलं तर काय बिघडलं?"

दुपारपर्यंत अकरा ट्रक अडकले. शेवटी मिश्राजी उन्हात स्वतः आले. "ठीक है, रखो. लेकिन सबको सुई लगवाओ."

भिवंडीहून जनावरांचा डॉक्टर आणला. सात कुत्री होती. प्रत्येकाला गुरुजींनी स्वतः धरलं. सहाव्यानं त्यांच्या मनगटाचा चावा घेतला. मी त्यांना रिक्षातून सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरनं विचारलं, "कुत्रं पिसाळलेलं होतं का?"

"पिसाळलेलं कशाला? झोपेतून उठवून सुई टोचली. तू नसतास चावला?"

पुढे एका रविवारी मी सासुरवाडीला चाललो होतो. वाड्याच्या रस्त्यावर अंबाडी नाक्याला उतरलो तर वडापावच्या गाडीमागे गुरुजी उकिडवे बसलेले. हातात बिस्किटांचा पुडा, भोवती पाच-सहा कुत्री.

"गुरुजी, इथं कसे?"

"जीपची वाट बघतोय."

दोन जीपा भरून गेल्या. ते उठले नाहीत. मीही शेजारी टेकलो.

"जमीन विकून बंगला बांधला," ते म्हणाले. "पांढऱ्या लाद्या बसवल्या. आमचा मोती त्यावर चिखलाचे पाय घेऊन फिरायचा. घरातलं कोणी काय बोललं न्हाय, मीच वैतागलो. टेम्पोत घालून इथं आणून सोडला. म्हातारा होता."

त्यांनी पुड्यातलं एक बिस्कीट मोडून कुत्र्यांपुढे टाकलं.

"नवव्या दिवशी आला चालत. वास्तुशांतीची पंगत बसली होती. गेटच्या गजात तोंड घालून उभा. भुंकला न्हाय. म्हटलं, पंगत उठू दे, मग आत घेतो."

"मग?"

"पंगत उठली तवा नव्हता."

त्याला सात वर्षं झाली होती. मोती आता कुठला असायला, हे त्यांनी स्वतःच सांगितलं. तरी दर रविवारी ते येत होते.

"एखादं पोर असंल त्याचं इथं," ते म्हणाले. तेवढ्यात एक तांबूस कुत्री पुढे आली आणि त्यांच्या तळहातावरचं बिस्कीट उचलून बाजूला गेली. गुरुजींनी माझा दंड धरला.

"हिचा डावा कान बघ. जरा पडलेला हाय ना? मोतीचा अस्साच होता."

मी नीट बघितलं. मला दोन्ही कान सारखेच दिसले.

"हो," मी म्हणालो, "डावा पडलेला आहे."