जोडीशिवाय निरोप नाही

धुमाळ सर एकट्या माणसाकडून निरोप घेत नाहीत. वेल्ह्याच्या आमच्या कॉलेजचं ऑफिस मी सांभाळते, त्यामुळे याचा ताप मलाच. प्राचार्यांनी बोलावलंय, एवढं सांगायला शिपाई गेला तरी सर त्याला दारातूनच परत पाठवायचे. "जोडीदार आण." शेवटी मी चहावाल्याच्या फेरीची वेळ बघूनच शिपायाला पाठवू लागले.

सर जीवशास्त्र शिकवतात. रिसेप्टर टायरोसिन कायनेज हे त्यांचं दैवत. फाईलवर सही मागायला गेलं की ते मलाही ऐकावं लागतं.

"मॅडम, पेशीच्या आवरणात हे पहारेकरी. अर्धं अंग बाहेर, अर्धं आत. बाहेरून निरोप आला की दोघं जवळ येतात आणि आतल्या बाजूनं एकमेकांना फॉस्फेटचा टिळा लावतात. तो टिळा बघून आतली मंडळी कामाला लागतात. एकट्यानं काही होत नाही."

"सही," मी म्हणते.

पानशेतच्या एका लग्नात त्यांनी नवरदेवाच्या मामाला हेच सांगत पंगतीबाहेर अडवून ठेवलं. मामा शेवटी म्हणाला, "सर, टिळा लागला. आता जेवू द्या."

यंदा भातलावणीच्या दिवसांत सर एकट्या शिपायाचा निरोप ऐकून निमूट ऑफिसात आले. काहीतरी बिघडलंय, हे मला तिथेच कळलं.

सरांच्या बायकोच्या, म्हणजे वहिनींच्या, छातीतल्या गाठीचा रिपोर्ट आला होता. "यात एका जातीचे पहारेकरी फार झालेत," सर म्हणाले. "ते निरोपाची वाटच बघत नाहीत. आपसांत जोड्या लावतात आणि पेशीला वाढ, वाढ म्हणत सुटतात. त्यांना अडवणारं औषध आहे. वेळेत सुरू व्हायला हवं."

"मग पुण्याला कधी निघताय?"

"ती येत नाही."

वहिनींचं शेत पासलीला. यंदा शेजारच्या बायकांनी आधी त्यांचं भात लावून दिलं होतं. आता वहिनींनी त्या बायकांच्या शेतात राबायचं, अशी सावड. वहिनींचं एकच म्हणणं, "लोकांची सावड फेडल्याबिगर म्या कुठं येत न्हाई."

सरांनी रजा टाकली, मी मंजूर करून आणली. पुढे एका कागदावर त्यांची सही राहिली म्हणून मी पासलीला गेले. खाचरात बायकांची ओळ वाकलेली आणि मधोमध सर, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली.

"सर, रोपं लावताय का पुरताय?" एकीनं विचारलं.

"आज लई गप हायेत," दुसरी म्हणाली. "टिळ्याचं सांगा की वाईच."

"हात चालवा, काकू. हे खाचर आज उरकायचंय."

बांधावर वहिनी डोक्याला पदर घेऊन बसल्या होत्या. शेजारी पुण्याला न्यायची भरलेली पिशवी. मला बघून जरा सरकल्या. "मला उतरू देत न्हाईत. म्हणत्यात, तुझ्या वाटची सावड मी फेडतो." मग सरांकडे बघून आवाज चढवला. "अवो, ती ओळ वाकडी आली. उद्या मी न्हाई बघायला."

 सरांनी वाकडी आलेली रोपं उपटली आणि पुन्हा पहिल्यापासून लावायला घेतली.